पाहुण्यांचे गोल आधी

वसंता, तुझ्या चोपडीवर विश्वास ठेवायचा तर पहिल्याच मोसमात आपण शहाडच्या संघाला आपल्या मैदानावर सहा-शून्यने लोळवलं. आणि ज्या मोसमात आपण वरच्या विभागात गेलो, त्या मोसमात घरच्या पाच सामन्यांपैकी चार हरलो, फक्त शेवटचा जिंकलो. हे मी म्हणत नाही. आपला नवा सेक्रेटरी मधुकर म्हणतो, आणि तो कॉमर्सचा पदवीधर आहे. तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. तू असतास तर चष्मा पुसत म्हणाला असतास, “त्याला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?”

मधुकर डोंबिवलीचा. दोन वर्षांपूर्वी क्लबात आला, त्यामुळे जुनं त्याला काही माहीत नाही. क्लबाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची, तिच्यात प्रत्येक मोसमाच्या निकालांचा तक्ता द्यायचा, हे तुझ्यासमोरच ठरलं होतं. तक्ता तू करणार होतास. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी, तुझ्या आईने, पत्र्याच्या ट्रंकेतून ती लाल कापडी बांधणीची चोपडी काढून मधुकरच्या हातात ठेवली. मला नाही दिली. मी शेजारीच उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

आठ दिवसांत पोराने तक्ते तयार केले. घेऊन माझ्याकडे आला. “बाळासाहेब, तुम्ही त्या वेळचे गोली, एकदा नजर टाका. मला एक गंमत सापडलीय. आपली टीम बाहेर बऱ्यापैकी खेळायची, पण घरी आली की टेन्शन घ्यायची. घरच्या प्रेक्षकांचं दडपण! मी तक्त्याखालच्या टिपेत तसं लिहून पण टाकलंय.”

घरचे प्रेक्षक म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावरचे चार हमाल, आपल्या संघातल्या काशिनाथचे दोन भाऊ आणि चरायला सोडलेल्या म्हशी. त्यांचं दडपण कुणाला आलं असेल तर ते म्हशींचं, कारण त्या गोलपोस्टला अंग घासायच्या. मी हसू लागलो. मधुकरला कळेना. मग मी त्याला तुझा नियम सांगितला.

नियम असा: ज्याच्या मैदानावर सामना, तो यजमान. दुसरा पाहुणा. पाहुण्यांचे गोल आधी लिहायचे, यजमानांचे नंतर. त्यामुळे आपण ठाण्याला जाऊन दोन-एकने जिंकलो तर चोपडीत २–१. पण कल्याणला आपल्या मैदानावर दोन-एकने जिंकलो तर चोपडीत १–२. जगात कुठलाही क्लब असं लिहीत नाही. प्रत्येक क्लब आपल्या चोपडीत आपला आकडा आधी लिहितो. मधुकरने तेच गृहीत धरलं, म्हणून बाहेरचे सामने बरोबर आले आणि घरचे सगळे उलटे झाले.

हे मी तुला पहिल्याच मोसमात सांगितलं होतं. आठवतं? शहाडच्या लोकांनी माझ्या पायांतून आणि डोक्यावरून सहा गोल घातले होते, आणि तू मालधक्क्यावरच्या बाकावर बसून, तिथल्या नोकरीत पावत्यांवर लिहायचास त्याच तिरप्या अक्षरात ६–० लिहीत होतास.

“अरे, आपला शून्य आधी लिही,” मी म्हटलं. “आपला क्लब आहे.”

“घरी पाहुणा आला तर पान कुणाचं आधी वाढतात?”

“ते जेवणाचं झालं.”

“मग गोल काय वेगळे आहेत? त्यांना आपण बोलावलं, ते आले, खेळले. आधी त्यांचं.”

“त्यांनी सहा खाल्ले नाहीत, आपण खाल्लेत.”

“म्हणूनच,” तू म्हणालास, आणि शाईवर ब्लॉटिंग दाबलंस. या “म्हणूनच”चा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. वाद जिंकायची तुझी ती एक रीत होती.

नियम मूळचा काकूंचा होता, हे मला तुझ्याकडे जेवायला आल्यावर कळलं. तुमच्याकडे पहिल्या वाफेचा भात पाहुण्याला. मी तुमच्याकडे शंभर वेळा जेवलो असेन, पण काकूंनी पहिला भात मला वाढायचं कधी सोडलं नाही, आणि तू कधी तक्रार केली नाहीस. तेराव्यालाही त्यांनी आधी आम्हा बाहेरच्यांना बसवलं. मला घास गेला नाही. गेला नाही हे लिहायला संकोच वाटतो, पण नाही गेला.

क्लब काढायची हौस तुझी. लढाई संपली, गोरे सोल्जर गेले आणि छावणीच्या माळावर त्यांचे गोलपोस्ट उभेच राहिले. पुढे तिथे निर्वासितांचा कॅम्प झाला, पण त्याच्या आधीच आपण काशिनाथच्या बैलगाडीतून ते चारही खांब उचलून खाडीकडच्या मैदानावर आणले. विचारलं कुणालाच नाही. एक खांब पुरताना जास्त खोल गेला, म्हणून आपला पूर्वेकडचा गोल डावीकडे बुटका होता. बाहेरून येणारा प्रत्येक संघ त्यावर हसायचा, आणि तू प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे सांगायचास, की दोन्ही हाफना गोल बदलतात, तेव्हा अन्याय दोघांवर सारखाच आहे.

तू स्वतः मात्र खेळाडू म्हणून, आता बोलायला हरकत नाही, अगदीच वाईट होतास. लेफ्ट बॅकला दोन सामने खेळलास, दोन्ही वेळा चष्मा फोडलास, आणि दुसऱ्या वेळी चेंडू समजून काशिनाथच्या टाचेला लाथ मारलीस. काशिनाथ जवळच्या आगरी गावचा, भातशेतीवाला, आपला एकमेव खरा फुटबॉलपटू. तो लंगडत येऊन म्हणाला, “वसंता, तू बाहेर ऱ्हा रं बाबा. तू आत असलास का आपुन दहाच जनं खेलताव.” तू ते मनावर घेतलंस आणि त्या दिवसापासून माझ्या गोलमागे उभा राहायला लागलास. कडेला नाही, बरोब्बर गोलमागे. जाळी आपल्याकडे नव्हतीच. गेलेला चेंडू आणून देणं हे तुझं काम, आणि नव्वद मिनिटं माझ्या कानाशी बोलणं हा तुझा छंद. “डावीकडे सरक. बुटक्या खांबाकडे नको बघू. तो येतोय, तो येतोय, गेला.” माझ्या पाठीमागे इतकी वर्षं कुणी उभं राहिलं नव्हतं आणि पुढेही राहणार नाही.

मैदान आखायचं कामही तूच घेतलंस. सामन्याच्या सकाळी चुन्याची फक्की डब्यात भरून, दोरी ताणून, कमरेत वाकून तू गोलची रेघ मारायचास. पावसाळ्यातला आपला मोसम, दुपारपर्यंत अर्धी रेघ वाहून जायची. मग ती कुठे होती यावर दोन्ही संघांचे वाद. तू चोपडीत प्रत्येक सामन्यापुढे एक शेरा लिहायचास, तो या फक्कीचाच असायचा, किंवा वाऱ्याचा. “फक्की गेली.” “वारा खाडीकडून.” “चिखल.” कोण चांगलं खेळलं, कुणी घोळ घातला, कोण जिंकलं हे तू कधी लिहिलं नाहीस. ते आकड्यांवरून कळतं, असं तुझं म्हणणं.

आता तो तिसऱ्या मोसमातला शेवटचा सामना. इतकी वर्षं आपण दोघांनी तो विषय सोडून जगातल्या बाकी सगळ्या विषयांवर भांडून घेतलं.

गणपती नुकतेच गेले होते. आठवडाभर पाऊस नव्हता. ठाण्याचा तलावपाळीकडचा संघ आपल्याकडे आला होता. जो जिंकेल तो वरच्या विभागात. बरोबरी झाली तर एका गुणाने ते जाणार. रेफरी होते आपल्या शाळेचे देव सर. ड्रॉइंगचे मास्तर, पण गावात शिट्टी त्यांच्याकडेच होती आणि नियमांचं पुस्तकही. तेव्हाच त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ते मैदानाच्या मध्यभागी उभे राहून सामना चालवायचे, आणि कुणी तक्रार करायचं नाही, कारण दोन्हीकडच्या निम्म्या खेळाडूंना त्यांनी कान धरून आंबा काढायला शिकवला होता.

शेवटची काही मिनिटं. एक-एक. त्यांच्या लेफ्ट-इनने बुटक्या खांबाच्या बाजूने चेंडू मारला. तो माझ्या हाताला लागून मागे गेला. मी वळलो, गोलकडे तोंड करून झेप टाकली आणि चेंडू पोटाशी धरून पडलो. ठाणेकर ओरडले, गोल! शिट्टी न वाजताच सगळे थांबले. देव सर मध्यावरून चालत चालत आले. लाइन्समन म्हणून ज्याला उभं केलं होतं तो विडी पेटवत होता. सरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ मला विचारलं, “बाळ, तू सांग. आत होता?”

रेफरीने गोलीला विचारायचं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं नाही. सरांच्या पुस्तकातही नसावं. पण सात वर्षं ज्यांच्या वर्गात बसलो त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, “नाही, सर.”

“झालं तर मग. खेळा.”

ठाणेकर अजून हातवारे करत आपल्या गोलपाशीच उभे होते. मी होता नव्हता तो जोर लावून चेंडू पुढे मारला. काशिनाथ तिकडे एकटाच होता. तो दोन ढांगांत पोचला आणि त्याने गोल केला. सरांनी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. दोन-एक. काशिनाथ धावत आला, त्याने मला उचललं. “काय किक मारलीस रं बालू! डायरेक माज्या पायान!” सगळे नाचत होते. तुला मी शोधलं. तू रिकामा फक्कीचा डबा घेऊन गोलमागे होतास तिथेच उभा होतास. मी जवळ आलो तेव्हा तू माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस, खाली पाहिलंस.

“गुडघ्याला फक्की लागलीय,” तू म्हणालास. “झटकून घे.”

मी खाली बघितलं. दोन्ही गुडघ्यांवर पांढरा आडवा पट्टा होता. माझं तोंड गोलच्या आत, गुडघे रेघेवर, चेंडू पोटाशी. गुडघे जर रेघेवर होते तर पोट कुठे होतं, हे समजायला कॉमर्सची पदवी लागत नाही. मला ते पडताक्षणीच कळलं होतं. तुला ते आता कळलं, की आधीच दिसलं होतं, हे मला माहीत नाही. मी गुडघे झटकले. तू डबा घेऊन निघून गेलास.

वरच्या विभागात आपलं काय झालं ते सांगायची गरज नाही. एक बरोबरी आणि बाकी सगळे पराभव. वर्षभरात पुन्हा खाली. काशिनाथ म्हणायचा, “वरती हवा पातल हाय.” ते सगळे निकाल तू शांतपणे लिहिलेस, पाहुणे आधी.

पण ते वर्ष संपलं तरी देव सरांची गोष्ट संपली नाही. दर वर्षी क्लबाच्या बक्षीस समारंभाला सर दोन शब्द बोलायला उठायचे आणि हटकून तोच प्रसंग सांगायचे. “मी लाइन्समनला विचारलं नाही. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं. आणि त्याने सांगितलं त्यावर मी निकाल दिला. शिक्षकाला आणखी काय हवं?” टाळ्या. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा. तू शेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडायचास आणि पुन्हा बांधायचास. एका वर्षी तू त्या तीन वेळा बांधल्यास.

एवढंच. याच्या पलीकडे आपण काही केलं नाही. घरी चालत यायचो आणि तू दुसराच कुठलातरी विषय काढायचास. मीही आकड्यांच्या क्रमावरून तुझ्याशी हुज्जत घालायचो, आपला आकडा आधी लिही म्हणून. पण चोपडी दाखव असं मी एकदाही म्हटलं नाही. तू तो सामना कसा लिहिला असशील याची मला भीती वाटायची. तू रेघ मारणारा माणूस. मालधक्क्यावर एक बोचकं कमी आलं तर तू स्टेशनमास्तरांना रविवारी घरी जाऊन सांगायचास. आणि माझ्या बाबतीत एक शब्द बोलला नाहीस. मला कधी कधी तुझा राग यायचा. बोलून टाकलं असतंस तर भांडलो असतो, चार महिने तोंड बघितलं नसतं, आणि मोकळा झालो असतो. तू मला ती सोय दिली नाहीस. अजूनही थोडा राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू इतक्या लवकर जाशील हे मला कुठे माहीत होतं.

मी बोलणार होतो. कावीळ तुझ्या डोळ्यांत उतरली होती, तेव्हा दुपारची कचेरी बुडवून मी ठाण्याहून आलो. काकू उसाचा रस गाळत होत्या. मी ठरवून आलेलो. खुर्ची ओढली, घसा साफ केला. तूच आधी विचारलंस, “रविवारी काय झालं?”

“हरलो. एक-तीन.”

“घरी ना?”

“घरी.”

“मग तीन-एक म्हण,” तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. हसलास बहुधा. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं. त्या पुढच्या खेपेला अंगणात लोक जमलेले होते.

तर मधुकर माझ्यासमोर बसला होता. नियम ऐकून त्याचा चेहरा उतरला. आठ दिवसांची मेहनत गेली. “म्हणजे घरचे सगळे निकाल उलटे करायचे?”

“सगळे.”

तो चोपडी उघडून एकेका ओळीवर पेन्सिलने खूण करायला लागला. पहिला मोसम झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीवर तो थांबला. “हा पण? हा तर बरोबर आहे. दोन-एक. आपण जिंकलेलो, वर गेलेलो. हा एकच मला बरोबर सापडला होता.”

मी चोपडी त्याच्या हातातून घेतली. आठ वर्षांत पहिल्यांदा ते पान मी पाहिलं. तुझं तेच तिरपं अक्षर. ठाणे. घरचे मैदान. २–१. आणि शेऱ्यात: “फक्की ताजी.”

आधी मला वाटलं, तू चुकलास. मग वाटलं, त्या एका दिवशी तू माझं ऐकलंस आणि आपला आकडा आधी लिहिलास, मित्राला आनंद म्हणून. मी घाईने पान उलटलं. पुढचा सामना वरच्या विभागातला पहिला, घरचाच, आपण शून्य-चारने हरलेला. तू लिहिलं होतंस ४–०. त्या मोसमातल्या प्रत्येक ओळीत पाहुणे आधी. मागची सगळी पानं चाळली, तिथेही तेच. तू माझं कधीच ऐकलं नव्हतंस. दहा वर्षांत तुझ्या हातून एक आकडा इकडचा तिकडे झालेला नव्हता, आणि याही ओळीत झालेला नव्हता.

पाहुणे दोन, आपण एक. माझ्या “नाही, सर”नंतर जे घडलं ते तू मोजलंच नाहीस. त्यांचा गोल मोजलास, काशिनाथचा सोडून दिलास, आणि ओळ अशी लिहिलीस की जगाने वाचली तर आपला विजय आणि मी वाचली तर आपली हार. ज्याला तुझा नियम माहीत नाही त्याला यात काही दिसणार नाही. नियम माहीत असून हुज्जत घालणारा सबंध कल्याणात मी एकटाच होतो. वसंता, तू मला पकडलंसही आणि झाकलंसही, एकाच ओळीत. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं.

मधुकर पेन्सिल धरून बसला होता. “बाळासाहेब, हा उलटा करू, का असाच ठेवू? उलटा केला तर आपण हरलो असं होईल. मग वर गेलो कसे, असं लोक विचारतील.”

“दोन दिवस थांब,” मी म्हटलं. “चोपडी राहू दे माझ्याकडे.”

दोन दिवस कशाला हवे होते, तर धीर गोळा करायला. न बोलणं किती सोपं होतं बघ. “असाच ठेव” म्हटलं की झालं. तू लिहिलं तेच छापलं असतं, एक आकडाही न बदलता. खोटं बोलायलासुद्धा लागलं नसतं. पण स्मरणिकेची प्रस्तावना देव सर लिहिणार आहेत, आणि तिच्यात तो प्रसंग येणार हे सांगायला नको. बोललेली गोष्ट समारंभाबरोबर विरून जाते. छापलेली राहते. सर पंचाहत्तरीला टेकलेत, आणि ते ज्याच्यावर विश्वास ठेवून गेले ते खोटं होतं, असं व्हायला नको.

काल संध्याकाळी चोपडी काखेत मारून सरांकडे गेलो. ते ओसरीवर, गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. तुझ्याबद्दल बोलले. “अक्षर किती सुंदर होतं वसंताचं,” म्हणाले. “रेघ तर अशी मारायचा, की मला ड्रॉइंगच्या वर्गात दाखवायला न्यावीशी वाटायची.” मग हात पुढे केला. “बघू, आपला तो सामना कसा लिहिलाय त्याने.”

मी पान उघडून दिलं. सरांनी चष्मा नाकावर सरकवला, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. “ठाणे. घरचे मैदान. दोन-एक.” समाधानाने मान हलवली. “बरोबर आहे.”

आता चोपडी मिटून घेतली असती तरी चाललं असतं. तू ती वाट माझ्यासाठी ठेवलीच होतीस. सर माझ्याकडे बघून हसत होते, दर वर्षी समारंभात बघायचे तसे. आणि माझ्या पाठीमागे, वसंता, कुणी नव्हतं.

“सर,” मी म्हटलं, “वसंता पाहुण्यांचे गोल आधी लिहायचा.”

सरांना लगेच कळलं नाही. त्यांनी पिशवी गुडघ्यावरून बाजूला ठेवली, मागची दोन पानं उलटली, शहाडचे सहा गोल पाहिले, पुढचं पान पाहिलं. मग परत त्या पानावर आले. शेऱ्यावर बराच वेळ थांबले. आणि बोट पुन्हा त्या ओळीवर ठेवून त्यांनी आकडे हळूहळू वाचले, या वेळी तुझ्या पद्धतीने.